सगळी बटणं डावीकडे

वेल्समधल्या स्वान्सी शहरात हौशी कारागिरांच्या स्पर्धेत मेरेरिदने घरी बनवलेला जुन्या धाटणीचा हातातला व्हिडिओगेम मांडला. पत्त्याच्या पानाएवढ्या संगणकाला पडदा आणि बटणं तिने एकट्या डाव्या हाताने जोडली होती. पक्षाघातानंतर तिचा उजवा हात उचललाच जात नव्हता. परीक्षक रीसने तिच्याकडे न पाहताच गुणपत्रकावर लिहिलं, 'मांडणी चूक'. "सगळी बटणं डावीकडेच? नवशिक्या दिसताय, बाई!" मेरेरिदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उजवा हात खिशात घाला," ती उठून म्हणाली, "आणि हा शेजारच्या टेबलावरचा, दोन्हीकडे बटणं असलेला गेम खेळून दाखवा." रीस हसतहसत तयार झाला. पडद्यावरचा शिपाई तीनदा पहिल्याच खड्ड्यात पडला. सभागृह खिदळलं. "बरं, तुम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस देऊ," तो पुटपुटला. "चुलीत गेलं बक्षीस! आधी ते 'चूक' खोडा." रीसने पेन घ्यायला उजवा हात खिशातून काढला. "डाव्याने खोड!" मागून एक म्हातारी गरजली.