साबणाचा तुकडा

"बाबा, आई गेली." हॉस्पिटलमधून लेकीचा फोन आला तेव्हा मी कचऱ्याच्या डब्यातून साबणाचा तुकडा उचलत होतो. सकाळी अंघोळ करून तपासणीला निघताना बायकोनेच तो टाकला होता.

टाकून दिलेल्या वस्तूंचे फोटो काढणं हेच माझं काम. वस्तू पुसायची नाही, धुवायची नाही, एवढा एकच नियम.

पुढे महिन्याभराने तो तुकडा काळ्या कापडावर ठेवला. सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. मी फोटो काढला.

लेक फोटो बघून म्हणाली, "ओला कशाला केलात? स्वतःचाच नियम मोडलात की."

"पाण्याचा थेंबही लावला नाही गं."

फोटोतल्या साबणाला फेस आला होता.

मी पुन्हा फोटो काढला. कापडावरचा तुकडा तसाच कोरडा होता. फोटोतला मात्र निम्मा झिजला होता आणि त्याला एक लांब केस चिकटला होता. तिसऱ्या फोटोत तो नखाएवढाच उरला.

लेक हळूच म्हणाली, "आता नका काढू, बाबा. आईची अंघोळ होत आलीय."

मला ती एकदा दिसायला हवी आहे. पण अंघोळ झाली की ती निघेल, म्हणून कॅमेऱ्याकडे हात जात नाही.

चौथा फोटो अजून काढायचा आहे.