पियानोतला तांब्या

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावकडच्या एका खेड्यातल्या चर्चने नगरच्या नबीलाल मिस्त्रीकडून दुरुस्त केलेला जुना पियानो विकत घेतला. देताना नबीलालने बजावलं, "आत खाली पाण्याने भरलेला तांब्या ठेवा. हवा कोरडी झाली की लाकूड तडकतं. तांब्या कधी रिकामा ठेवू नका."

उन्हाळ्यात तो सूर लावायला आला. पास्टरांच्या बायकोने, मार्थाबाईंनी, त्याच्यापुढे अर्धा कप पाणी ठेवलं. "चार दिस टँकर आला न्हाई, भाऊ."

नबीलालने पियानोची खालची फळी काढली. तांब्या काठोकाठ भरलेला होता.

"रोज एका घराची पाळी हाय," मार्थाबाई म्हणाल्या. "आज आमची हुती."

 नबीलालने तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला. "आता लाकूड मुरलंय, बाई. याला पाणी लागत नाही."

जूनमध्ये पाऊस लागला, टँकर बंद झाले. कुणी निरोप धाडला नव्हता, तरी नबीलाल लाकूड सांधायच्या सरसाचं भांडं घेऊन चर्चच्या दारात उभा राहिला.

"कुठं कुठं तडकलाय, बघू द्या," म्हणाला.