मान वर करा

"अगं वाक! माणूस थांबलाय तुझ्यासाठी," म्हणत कायोकोने गाडी चालवणाऱ्या लेकीला कोपराने ढोसलं.

मिओरी आभाराला वाकली नाही. समोरून येणारी गाडी थांबली होती, दिवे मिचकावून 'आधी तुम्ही वळा' म्हणत होती. मिओरीने स्वतःची गाडी उजवीकडे जेमतेम हातभर पुढे सरकवली, पुन्हा थांबवली आणि त्या गाडीच्या पलीकडे कोणी आहे का, ते डोकावून पाहिलं. मगच ती वळली. शेवटी कायोकोनेच खिडकीतून दोघींच्या वाटचं वाकून घेतलं.

"नाक कापलंस माझं. काय म्हणतील लोक? कायोकोची पोरगी, आणि मान बघा कशी खांबासारखी."

"आई, गाडीच्या शिकवणीत सरांनी बजावून सांगितलंय. थांबलेली गाडी म्हणजे भिंत. भिंतीआडून कोण येतंय ते आधी बघायचं, आभार नंतर. वाकता वाकता लोक ठोकतात. त्याला नावच आहे, आभाराचा अपघात."

"आभार मानून कधी कोणी मेलंय का? मग्रुरी शिकवतात वाटतं तुमच्या त्या शाळेत!"

मिओरीने नजर रस्त्यावरच ठेवली. परवाना मिळून तिला महिनाही झाला नव्हता. गाडीच्या नाकावर नवख्या चालकाच्या खुणेचं हिरवं-पिवळं पान चिकटवलेलं होतं. कायोकोला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, पण वाकता मात्र असं येई की अख्ख्या गल्लीने बघत राहावं. दुकानदारापुढे किती, वडीलधाऱ्यांपुढे किती, कोणाच्या मयताला किती, हे तिचं गणित कधी चुकत नसे. गल्लीत तिला मान होता आणि तो तिने मान वाकवूनच मिळवला होता.

बाजार करून परतताना शाळेजवळच्या चौकात पुन्हा तसंच झालं. उजवीकडे वळायचं होतं. समोर मासळीचा उंच ट्रक थांबला आणि त्याने दिवे मिचकावले. ट्रक मासळीवाला नाकाई चालवत होता. नाकाईच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारभर होत असे, आणि ज्या गोष्टी तो डोळ्यांनी पाही त्यांचं तर विचारायलाच नको.

मिओरीने ब्रेकवर पाय ठेवला आणि ट्रकपलीकडे बघायला मान लांब केली.

"पुन्हा तेच? अगं, नाकाई आहे तो!" कायोको दातओठ खात कुजबुजली. "नीट वाक आणि निघ. मला आणखी लाजवू नकोस."

मिओरी वाकली. लहानपणापासून आईने शिकवलं होतं तशीच, आधी मान, मग खांदे, मग क्षणभर तशीच थांबून. तोवर तिचा पाय ब्रेकवरून निघाला होता आणि गाडी वळायला लागली होती.

आवाज फार मोठा झाला नाही. ट्रकच्या डाव्या अंगाने तोगाशींचा शुहेई मोपेडवरून येत होता. अठरा वर्षांचा होता. दवाखान्यात नेईपर्यंतही तो राहिला नाही.

पोलिसांनी विचारलं तेव्हा कायोको म्हणाली, "मी काही बोलले नाही हो. मी आपली भाजीची पिशवी सांभाळत होते." मिओरीने आईकडे एकदा पाहिलं. आईला खोटं पाडायची तिला सवय नव्हती.

अंत्यविधी आटोपल्यावर मायलेकी काळे कपडे घालून तोगाशींच्या घरी माफी मागायला निघाल्या. वाटेत कायोकोने बजावलं, "कपाळ चटईला टेकलं पाहिजे. 'मान वर करा' असं शुहेईची आई म्हणेपर्यंत हलायचं नाही. एकदा त्या तसं म्हणाल्या की सुटलो आपण. निम्मी माफी तिथेच झाली समज."

शुहेईच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती. फोटोतल्या पोराने शाळेचा गणवेश घातला होता. त्याची आई बाजूला बसून होती. दोघींनी चटईवर हात टेकले आणि कपाळ टेकवलं. कायोको इतकी सुरेख वाकली होती की असल्या प्रसंगीही ते तिच्या स्वतःच्या लक्षात आलं.

शुहेईची आई 'मान वर करा' म्हणेना. कायोकोचे गुडघे दुखू लागले. मग तिने चटईतच तोंड ठेवून सुरुवात केली. "पोरीचं लक्ष नव्हतं हो. नवखी आहे. हजारदा सांगितलं होतं मी, बघून चालव म्हणून. ऐकतात का आजकालची पोरं?"

शुहेईची आई मिओरीकडे वळली. तिने विचारलं, "पोरी, माझा शुहेई तुला दिसलाच नाही का गं?"

"नाही."

"का?"

कायोकोने चटईवरून हात सरकवून लेकीचं मनगट घट्ट दाबलं. मिओरीने ते सोडवून घेतलं.

"मी बघत होते," ती म्हणाली. "खरंच बघत होते. पण आई म्हणाली, वाक. म्हणून मी वाकले."

उदबत्तीची राख गळून पडली. शुहेईची आई पुढे झाली आणि तिने मिओरीच्या खांद्याला हात लावला.

"मान वर कर, पोरी."

कायोकोचा जीव भांड्यात पडला. सुटलो एकदाचे, असं मनाशी म्हणत तिने चटईवरून कपाळ उचललं.

"तुम्ही नाही," शुहेईची आई म्हणाली.