हजार वॅटची मिशी

"माझा हीटर तुझ्या भंगारापेक्षा निम्म्या वेळात खोली तापवतो. नाही तापवली, तर भर रस्त्यात मिशी उतरवीन!" सलूनवाल्याने मिशीला पीळ देत जाहीर केलं.

"मिशी सांभाळ लेका," इस्त्रीवाला म्हणाला. "तुझ्या तोंडावर तेवढीच बरी आहे."

सलूनवाल्याचा हीटर नवाकोरा. काचेचा, निळ्या दिव्याचा, वर रिमोट. इस्त्रीवाल्याचा लाल कॉइलचा. एक पाय मोडलेला, खाली लाकडाचा ठोकळा. पैज लागली. पण खोली कोणाची आणि पंच कोण? दोघांनी एकदमच मधल्या दुकानाकडे बोट दाखवलं.

ते दुकान घड्याळवाल्या काकांचं. थंडी पडली की काकांची बोटं आखडायची. यंदा तर चिमट्यात स्क्रूसुद्धा धरवेना. भिंतभर घड्याळं मुकी झाली होती. काचेवर कागद चिकटला होता, 'दुकान देणे आहे'. मग गाशा गुंडाळून पुतण्याकडे. कोणी हीटर देऊ केला की काकांचं एकच, "फुकटाचं नको."

"फुकट कसलं, काका?" सलूनवाला म्हणाला. "पंचाची फी. हरेल त्याचा हीटर तुमचा."

काका कुरकुरले. पण फी म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

सलूनवाल्याने खोबरेल तेलाची गोठलेली बाटली फळीवर ठेवली. तेल पातळ व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. बघायचं कशात? दुकानात चालू घड्याळ एकही नव्हतं. काकांनी कॉइलपुढे बोटं शेकली, एक घड्याळ उघडलं आणि चालू केलं. पहिली सकाळ त्यातच गेली.

पुढच्या सकाळी लाल कॉइल, त्याच्या पुढच्या सकाळी निळा दिवा. तेल दोन्ही वेळा तेवढ्याच वेळात पातळ झालं. सलूनवाल्याने बोंब ठोकली, "काल ऊन होतं! पुन्हा घ्या!" मग म्हणे दार उघडं राहिलं. मग म्हणे बाटली चुकीच्या फळीवर होती. रोज नवी तक्रार, रोज नवी चाचणी. आणि रोज भिंतीवर आणखी एक घड्याळ टिकटिकायला लागलं.

"बास झालं!" शेवटी काका ओरडले. "दोन्ही सारखेच तापतात. सलूनवाला हरला."

रस्त्यात खुर्ची मांडली. सगळी गल्ली जमली. आता मिशी उतरवणार कोण? इस्त्रीवाल्याच्या हातात आपला गळा द्यायला सलूनवाला तयार नव्हता.

"काका, तुम्हीच."

काकांनी वस्तरा घेतला. हात जराही थरथरला नाही. अर्धी मिशी साफ झाली आणि काका थांबले.

"का रे, सकाळी हीटर उचलताना बघितलं. दोन्हींच्या बुडाला हजार वॅटच लिहिलंय. वीज तेवढीच खाणार, ऊब तेवढीच देणार. तुला वाचता येत नाही का?"

"येतं की," सलूनवाला म्हणाला.

"मलाही येतं," मागून इस्त्रीवाला म्हणाला.

काका दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"आता अर्ध्यावर सोडू नका हो!" सलूनवाला कळवळला. "वस्तरा पुसा कशाला तरी, आणि उरलेली काढा."

काका दुकानाकडे गेले. काचेवरचा कागद त्यांनी टर्रकन ओढला आणि त्याला वस्तरा पुसला.