गुडघ्यांचे खळगे

कॅथलिक हायस्कूलच्या नव्या चॅपलमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकायची पुढची गादी रोज सकाळी दोन ठिकाणी दबलेली असायची. झाडलोट करणाऱ्या मावशींनी तक्रार केली, तेव्हा सुपरवायझर सर नाक मुरडतच आले. पाहुण्यांना मिरवून दाखवायच्या जागेत असली थेरं त्यांना खपत नसत.

“सर, कुलूप मीच उघडते. आत कुणी नसतं.”

“मग तुम्हीच टेकत असाल गुडघे. कामचुकारांनाच देव जास्त आठवतो.”

मावशींनी गादीकडे बोट दाखवलं.

सरांनी वाकून गादी तळहाताने थापटली, सपाट केली. “झालं! संपलं तुमचं भूत,” ते खिदळले.

त्यांनी हात उचलायच्या आतच शेजारी एक खळगा पडला.

मग दुसरा गुडघा सावकाश त्यांच्या हातावर टेकला. तो उबदार होता.