कॉलरच्या आतली शाई

"काका, या गल्लीत दिवसभर माणसं असतात ना?" माझ्या इस्त्रीच्या टेबलाला टेकून तिनं विचारलं. गळ्यात कंपनीचं कार्ड, कुर्ता चुरगळलेला. भाड्यानं घर शोधणाऱ्या तिला सकाळपासून पाच घरमालकांनी परत पाठवलेलं मी पाहिलं होतं.

"भाजी, भेळ, सिनेमा, सगळं चालतं. तुम्हा नोकरीवाल्यांना मजा हवी आणि मालकांना झोप," मी चिडवलं.

"मजा कुठली हो! बाबांना काही आठवत नाही. आत्ता राहतो त्या बड्या सोसायटीतून ते एकटेच बाहेर पडले. रस्त्यावर नुसत्या गाड्या, हटकणारं कुणी नाही. दोन दिवसांनी सापडले. इथं कुणीतरी अडवेल त्यांना. पण बाबांचं सांगितलं की मालक नाही म्हणतात. आणि सोसायटीतला फ्लॅट उद्या सोडायचाय."

मी इस्त्री उभी केली. मी माणसं कपड्यांवरूनच ओळखतो.

"त्यांचे सदरे आण, पोरी. कॉलरच्या आत धोब्याच्या शाईनं पत्ता लिहून देतो. धुऊन जात नाही."

"कुठला पत्ता, काका? घरच नाही."

"मिळेपर्यंत या टेबलाचा. चाळीस वर्षांत हे हललेलं नाही."