कापलेला कोपरा

"आणखी थोडं वर," सर म्हणाले. "माझ्या डोक्यामागे बरोबर दिसलं पाहिजे."

मावशी स्टुलावर चढल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या या मदतनीस बाईंना सगळे मावशीच म्हणत, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा. दाराएवढा फलक त्यांनी व्यासपीठामागच्या भिंतीवर चढवला, चारही टोकं चिकटवली आणि खाली उतरल्या. अर्ध्या तासात पाहुणे येणार होते. सरांचा तीनशेवा शोधनिबंध छापून आला होता, त्याचा सत्कार. सुचवला सरांनीच, मंजूरही सरांनीच केला.

तीनशे! त्यातल्या निम्म्यांचे विषयही सरांना धड सांगता आले नसते. पोरांनी रक्त आटवून प्रयोग करायचे, रात्रंदिवस बसून लिहायचं, आणि शेवटी सरांचं नाव आयतं येऊन मानाच्या जागी बसायचं. गेल्या पंधरा वर्षांत त्यांनी पिपेट हातात धरली ती फक्त फोटोपुरती, आणि तीही खोकल्याच्या औषधाचा चमचा धरावा तशी.

समोरच्या रांगेत शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी मांडीवर एक कागद घेऊन बसली होती.

"झाली का सही?" टायची गाठ चाचपत सरांनी विचारलं.

"सर, मी अकरा वेळा केलाय प्रयोग. औषध वाढवलं की पट्टा फिका होतो. दर वेळी."

"आणि माझ्या निबंधात गडद होतो. चौदा वर्षं जग त्यावर चाललंय. जग चुकलं की तू?" सर हसले. "तुझ्या हातालाच शिस्त नाही, बाळ. 'चूक माझ्या हातून झाली' असं लिहिलेल्या त्या कागदावर सही कर आणि मोकळी हो. शिकवण्या घे. लग्न कर."

सही केली तर तिची चार वर्षं पाण्यात जाणार होती. नाही केली तर सरांच्या सहीवाचून पदवी अडणार होती. तिने पेनाचं टोपण काढलं.

फलक सरळ लागलाय का ते बघायला मावशी चार पावलं मागे आल्या. चित्र ओळखीचं होतं. सरांचं नाव जगभर करणारी ती जेल चौदा वर्षांपूर्वी मावशींनीच ओतली होती. जेल म्हणजे एक पारदर्शक, लिबलिबीत वडी. एका कडेला खाचा असतात, त्यांत नमुने घालायचे आणि वीज सोडली की पट्टे उमटतात. पहिल्या खाचेत औषध नसतं, मग डावीकडून उजवीकडे ते वाढत जातं. वडी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. ती उलटी पडली तर कळावं म्हणून पहिल्या खाचेकडचा, म्हणजे डावा, कोपरा मावशी सुरीने कापायच्या. प्रत्येक जेलचा, न चुकता.

निबंधात हे चित्र काडेपेटीएवढं होतं, कडा छाटून छापलेलं. आज मात्र सरांना सगळं भव्य हवं होतं. त्यांनी जुना मूळ फोटो शोधून छापखान्याला अख्खा पाठवला होता, "काहीही कापू नका," असं बजावून.

कापलेला कोपरा उजवीकडे होता.

मावशींनी पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"सर, हे उलटं आहे."

"उलटं कसं? पट्टे खालीच चाललेत की."

"आरशातल्यासारखं उलटं. डावं ते उजवीकडे गेलंय. बिनऔषधाचा नमुना तिकडे, जास्त औषधाचा इकडे. तो कोपरा बघा ना."

सरांनी कोपऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीतीचा मागमूसही नव्हता. भीती वाटायला आधी कळावं लागतं.

"हं, तुटलाय खरा," ते म्हणाले. "छापखान्याने वाट लावली."

इतकी वर्षं मावशी या माणसाला लबाड समजत होत्या. आता त्यांना त्याचीही लाज वाटली. लबाडाला निदान जेल तरी कळते. या एका चित्रावर सदतीस निबंध आणि दोन पदकं लाटलेल्या माणसाला कोपरा का कापतात हेच ठाऊक नव्हतं.

विद्यार्थिनी उठून फलकाशी आली. कापलेल्या कोपऱ्यापासून तिने उलट दिशेने बोट फिरवत नेलं. गडद, जरा फिका, आणखी फिका, मग जवळजवळ काहीच नाही.

"सर, हे तर माझंच उत्तर आहे," ती म्हणाली.

"बोट लावू नकोस, डाग पडेल. आणि आता डावं-उजवं काय घेऊन बसलात तुम्ही दोघी! चित्र तर तेच आहे ना?" बाहेर गाड्यांची दारं वाजली तसा सरांनी कोट सारखा केला. "मावशी, ती फुलदाणी आणा आणि तेवढा तुटका कोपरा झाका. उगीच लोकांच्या डोळ्यांवर यायला नको. आणि तू, सही?"

विद्यार्थिनीने पेनाला टोपण लावलं. पिशवीतून वही काढली. तिच्यात अकरा फोटो चिकटवलेले होते, अकराही जेलचा डावा कोपरा कापलेला. वही मांडीवर उघडी ठेवून ती पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसली.

मावशींनी फुलदाणी उचलली, फलकाच्या डाव्या टोकाशी नेऊन ठेवली आणि फुलं नीट केली.

"अहो, तिकडे कुठे? उजवीकडे!" सर दबक्या आवाजात ओरडले. दार उघडून पाहुणे आत येत होते.

"कापलेला कोपराच झाकायचा ना, सर?" हात पुसत मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बावीस वर्षं मी डावाच कापतेय."